माळीकामाची विद्या आणि देशी झाडे

घाणेरी ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. डोंगराच्या उतारावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला, पडक्या वाड्याच्या परसात हे झुडूप सर्वत्र माजलेले दिसते. कोणी त्याला टणटणी म्हणतात. पिवळ्या, गुलाबी, नारिंगी फुलांचे लहान लहान गुच्छ, खरखरीत पाने, आणि ती चुरगाळली म्हणजे नाकात भिनणारा उग्र दर्प, ही त्याची ओळख. इतके ओळखीचे असूनही ते या भूमीचे नव्हे. ते मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ते कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणले गेले. तेथून ते बंगल्यांच्या कुंपणांना गेले, आणि कुंपणापलीकडचे काम पाखरांनी केले. आज मध्य भारतापासून निलगिरीच्या पायथ्यापर्यंत लक्षावधी एकर वनभूमी त्याने व्यापली आहे. त्याच्या जाळीखाली गवत उगवत नाही, आणि गवत नाही म्हणून हरणे तेथे चरत नाहीत.

जलपर्णीची कथाही अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये ती आली ती तिच्या जांभळ्या तुऱ्यांच्या मोहाने. पुढे तिने बंगालची जलमार्गाची वाहतूक अडविली, भातखाचरे बुडविली, आणि आता पुण्याच्या नद्यांपासून केरळच्या खाड्यांपर्यंत नगरपालिकांना दरसाल तिच्यावर खर्च करावा लागतो. गाजरगवताला मात्र कोणी हौसेने आणले नाही. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले, आणि पुढे सर्व देशभर पसरले.

पहिल्या दोन वनस्पती ज्यांनी आणल्या, लावल्या व जगविल्या, ते आपल्या कामात निष्णात होते. दूरदेशीचे रोप समुद्रप्रवासातून जिवंत आणणे आणि परक्या मातीत रुजविणे ही काही सामान्य करामत नव्हे. त्यांच्या हाताला कौशल्य होते. लावलेले झाड कुंपणाबाहेर गेल्यावर कसे वागेल, याचा विचार मात्र त्या काळच्या माळीकामाच्या विद्येत नव्हता. आज उद्यानविद्या शिकणाऱ्या मुलामुलींना हा विचार कसा शिकवावा, तो वर्गात शिकवावा की रोपवाटिकेत, आणि शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढे तो वापरावयास मिळतो काय, हे प्रश्न म्हणूनच केवळ महाविद्यालयांच्या चार भिंतींतले राहत नाहीत.

आपल्याकडील उद्यानांचा आरंभ कोणत्या हेतूने झाला, हे येथे पाहिले पाहिजे. कलकत्त्याजवळ शिवपूरचे वनस्पतिउद्यान कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ साली स्थापिले ते ईस्ट इंडिया कंपनीला उपयोगी पडतील अशा वनस्पती तेथे वाढविण्यासाठी. त्यानंतर विल्यम रॉक्सबर्ग तेथे आले, आणि त्यांनी मात्र या देशातील वनस्पतींचीच नोंद करावयास घेतली. त्यांच्या ग्रंथाचे प्रकाशन केले ते श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी. हे कॅरी मराठी वाचकाला परके नाहीत. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश त्यांनीच छापून प्रसिद्ध केला. १८२० मध्ये कलकत्त्यास कृषि-उद्यानविषयक संस्था स्थापन करणारे गृहस्थही तेच. शब्द गोळा करण्याची आणि झाडे गोळा करण्याची हौस एकाच माणसाच्या ठिकाणी असावी, यात नवल मानण्याचे कारण नाही. दोहोंतही आधी नाव विचारावे लागते.

मुंबई इलाख्यात पुण्याजवळ दापुरी, म्हणजे आजची दापोडी, येथे १८२८ मध्ये सरकारी बाग सुरू झाली. पुढे तिचे अधीक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ साली इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. सह्याद्रीच्या उतारावरील जंगलतोडीमुळे झरे आटतात, अशी जाणीव सरकारला करून देणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून बागेतील व आसपासच्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली, आणि ती आज एडिंबरोच्या उद्यानात जतन केलेली आहेत. त्या चित्रांत परदेशी फुलझाडे आहेत आणि सह्याद्रीतील वेलीही आहेत. एकाच बागेत दोन्ही नांदत होती. तथापि पुढच्या शंभर वर्षांत सार्वजनिक बागेची जी कल्पना रूढ झाली, तीत या दुसऱ्या वर्गाला फारशी जागा उरली नाही.

याला एक अपवाद म्हणावा, की त्याच परंपरेचा सर्वोत्तम नमुना म्हणावा, असे एक नाव गुस्टाव्ह हेरमान क्रुम्बिगेल यांचे. जर्मनीत जन्मलेले आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले हे उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत बडोद्यास आले. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगलोरच्या लालबागेचा कारभार त्यांनी पाहिला. शहरातील रस्त्यांवर झाडे लावताना त्यांनी एक युक्ती योजिली. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, अशा क्रमाने जाती निवडावयाच्या, म्हणजे वर्षाचा कोणताही महिना फुलांवाचून जात नाही. बंगलोरला आजही याचा प्रत्यय येतो. परंतु त्या निवडीतली पुष्कळशी झाडे दक्षिण अमेरिका, मादागास्कर अशा ठिकाणांहून आलेली होती. क्रुम्बिगेल यांची पद्धत घ्यावी आणि झाडांची यादी बदलावी, असा अभ्यास आज एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घालून पाहण्यासारखा आहे. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर. त्याच सुमारास कांचन. चैत्र-वैशाखात बहावा आणि ताम्हण. पावसाच्या तोंडावर कदंब. पावसाळा सरता सरता रक्तकांचन. आणि थंडीच्या आरंभी सातवीण. बकुळ मधल्या फटी बुजविण्यास आहेच. यांतील एकही झाड बाहेरून आणावयास नको, आणि ताम्हणाला तर महाराष्ट्राने राज्यपुष्पाचा मान दिलेला आहे.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. देशी झाडांचा पुरस्कार म्हणजे परदेशी झाडांशी वैर नव्हे. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ, काजू हे सर्व सागरापलीकडचे पाहुणे. त्यांना घरातून काढावयाचे ठरविले तर मराठी माणसाचे ताटच रिकामे होईल. गुलमोहर मादागास्करचा खरा, पण तो रानात शिरून कोणाची जागा बळकावीत नाही. विद्यार्थ्याने शिकावयाचे ते झाडाचे गोत्र विचारण्याबरोबरच त्याचे वर्तन पाहावयास. बी कोण पसरविते, किती दूर पसरविते, तोडल्यावर बुंध्यातून किती धुमारे फुटतात, जनावर त्याला तोंड लावते की नाही, या चार-पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, की घाणेरी आणि गुलमोहर यांतला भेद आपोआप कळतो.

आज देशात उद्यानविद्येचे शिक्षण पुष्कळ विस्तारले आहे. हिमाचल प्रदेशात सोलनजवळ १९८५ मध्ये उद्यान व वनविद्येचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, कर्नाटकात बागलकोटला २००८ मध्ये झाले, आणि महाराष्ट्राच्या चारही कृषि विद्यापीठांतून हा विषय शिकविला जातो. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यात फळझाडे, भाजीपाला, मसाल्याची पिके, फुलशेती, कलमे बांधणे, काढणीनंतरची साठवण, कीड व रोग अशी विषयांची मोठी यादी असते. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला खेड्यात किंवा रोपवाटिकेत प्रत्यक्ष काम करावे लागते. हे सर्व योग्यच आहे, कारण उद्यानविद्या ही प्रथम शेतकऱ्याच्या पोटाची विद्या आहे. पण त्यामुळे होते असे, की हापूस आंब्याचे भेटकलम सफाईने बांधणारा मुलगा महाविद्यालयाच्याच दगडी भिंतीत उगवलेल्या रोपट्याचे नाव सांगू शकत नाही. पिकाच्या सरीत जे उगवले ते पीक, बाकीचे सर्व तण, अशी दृष्टी त्याला नकळत लागते.

ही दृष्टी बदलण्याचा पहिला उपाय अगदी जुना आहे, आणि तो म्हणजे ओळख. क्यू उद्यानासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांपुढे ठरावीक दिवसांनी वीसेक वनस्पतींच्या डहाळ्या मांडतात आणि प्रत्येकीचे कुल, प्रजाती व जाती लिहावयास सांगतात. परीक्षा कंटाळवाणी खरी. पण दोन-तीन वर्षांत डोळा तयार होतो. आपल्याकडे तर तिची निकड अधिक, कारण बाजारातील नावे फसवी असतात. अशोकाचेच पाहावे. इमारतींच्या कडेला रांगेने उभे असलेले, लांब, काठाला लाटा असलेल्या पानांचे, उंच सरळ झाड लोक अशोक म्हणून विकत घेतात. तो आसुपालव, ज्याला खोटा अशोकही म्हणतात. त्याची फुले हिरवट, पानांत लपणारी. खऱ्या अशोकाला, सीता अशोकाला, संयुक्त पाने असतात. कोवळी पालवी तांबूस, लोंबती. आणि जून फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात. गंमत अशी की त्या फुलांना पाकळ्याच नसतात, रंग असतो तो बाह्यदलांचा. आयुर्वेदात ज्याची साल स्त्रियांच्या विकारांवर सांगितली आहे तो हा अशोक. सालीसाठी त्याची रानातून इतकी तोड झाली, की जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला धोक्यात असलेल्या जातींत घातले. ज्याला दोन्ही अशोक वेगळे सांगता येत नाहीत, तो एकाच्या नावाने दुसरा लावतो आणि आपण संवर्धन केले अशा समाधानात राहतो. औषधी बाजारातही हीच गल्लत भेसळीला उपयोगी पडते.

ओळखीनंतर बियाणे. याबाबतीत देशी झाडांचा स्वभाव पिकांसारखा एकसुरी नसतो, आणि रोपवाटिकेत विद्यार्थ्याची खरी कसोटी येथेच लागते. बहाव्याचे बी दगडासारखे कठीण. रानात कोल्हा किंवा अस्वल शेंग खाते आणि पोटातल्या पाचक रसांनी बीचे कवच मऊ पडते. रोपवाटिकेत त्याऐवजी बीवर कढत पाणी ओतून ते रात्रभर भिजत ठेवतात, किंवा कवच थोडे घासून घेतात. तसेच पेरले तर काही बिया यंदा उगवतील, काही दोन वर्षांनी. उलट जांभूळ, कोकम, सीता अशोक यांच्या बिया ओलसर जिवाच्या. त्या वाळवून डब्यात भरून ठेवल्या म्हणजे मेल्याच. त्या झाडाखालून वेचाव्या आणि एक-दोन दिवसांत मातीत घालाव्या. धान्याचे बी वाळवून साठवावे हा शेतकऱ्याचा हजारो वर्षांचा अनुभव येथे उलटा पडतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे वाक्यात सांगून समजत नाही. अर्ध्या बिया साठवून आणि अर्ध्या ताज्या पेरून त्याने स्वतः मोजले, की जन्मभर विसरत नाही.

बी कोठून व किती झाडांचे घेतले, यालाही महत्त्व आहे. रस्त्याकडेच्या एकाच डेरेदार झाडाखाली हजार बिया मिळतात आणि काम झटपट उरकते. पण त्या सर्व रोपांची आई एकच. त्यांपासून पुढे जे वन होईल, ते दिसावयास दाट, पण रक्ताने एकाच घरचे. एखादा रोग आला तर सर्वांना एकदमच गाठील. एका झाडाच्या हजार बियांऐवजी पन्नास झाडांच्या वीस-वीस बिया घेतल्या, तर संख्या तीच राहते आणि वैविध्य टिकते. शिवाय कोकणातल्या पावसात वाढलेल्या झाडाचे बी विदर्भाच्या उन्हात लावण्यापेक्षा विदर्भातलेच बी शोधलेले बरे. म्हणून प्रत्येक वाफ्यावर पाटी हवी आणि पाटीवर गाव, तारीख, मातृवृक्षांची संख्या हवी. ही नोंदवही सांभाळणे हे काम कारकुनी वाटते, पण नोंद नसलेले दुर्मिळ झाड शास्त्राच्या दृष्टीने निम्म्या किमतीचे उरते.

पाण्याचा विचारही अंकगणिताने शिकविल्यास तो लवकर पटतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दहा गुंठ्यांची, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटरांची हिरवळ उन्हाळ्यात ताजी ठेवण्यासाठी रोज पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर पाच हजार लिटर लागतात. चार महिन्यांत सहा लक्ष. इंग्लंडात हिरवळ पावसावर वाढते, म्हणून तेथे ती काटकसरीची. मराठवाड्यात ती टँकरवर वाढते. तेथे करवंद, निर्गुडी, अडुळसा अशी झुडपे लावली, तर दोन-तीन उन्हाळे थोडे पाणी द्यावे लागते, पुढे ती आपले आपण पाहतात. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळून टाकण्याची जी रीत आहे, तिच्याविषयीही हेच म्हणता येईल. तोच पाला आळ्यात पसरला तर ओल टिकते, कुजून खत होते, आणि खताच्या गोणीचा पैसा वाचतो. झाडलोट केलेली उघडी जमीन म्हणजेच नीटनेटकी बाग, ही समजूत मात्र माळ्यापेक्षा बाग पाहावयास येणाऱ्या वरिष्ठांच्या मनात अधिक खोल रुजलेली असते.

किडीच्या तासालाही थोडी पुस्ती जोडावी लागेल. पान कुरतडलेले दिसले की औषध फवारावे, हा बागाईतदाराचा नियम फळबागेत क्षम्य आहे. परंतु उद्यानात कुरतडलेले प्रत्येक पान हे आजारी पान नसते. महाराष्ट्राचे राज्यफुलपाखरू नीलवंत आपली अंडी लिंबाच्या कुलातील झाडांवर घालते. रुईवर आणखी एका फुलपाखराच्या अळ्या पोसतात. आणि सह्याद्रीतील सर्वांत मोठे, सोनेरी-काळे फुलपाखरू ईश्वरीच्या कुलातील वनस्पतींवाचून वाढूच शकत नाही. बागेत फुलपाखरे हवीत आणि अळ्या नकोत, असा हट्ट चालत नाही.

याही पुढची पायरी म्हणजे जी वनस्पती निसर्गात मोजकीच उरली आहे, तिला हात लावणे. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक मांसल, लोंबती वनस्पती वाढते. उन्हाळ्यात तिची पाने गळतात आणि नुसत्या जाड काड्या कपारीत तग धरून राहतात. पावसाळ्यात तीवर किरमिजी, तारकेसारखी फुले येतात. एकोणिसाव्या शतकात डॅल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. महाराष्ट्राबाहेर ती कोठेही रानात आढळत नाही, आणि जगातील अतिसंकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत एकदा तिची गणना झाली होती. असे असूनही तिची फांदी कुंडीत खोचली की ती सहज जगते, आणि आज देशोदेशींच्या हौशी लोकांकडे ती आहे. मग ती वाचली असे म्हणावे काय? कुंड्यांतील शेकडो रोपे जर दोन-चार मूळ वेलींच्याच फांद्या असतील, तर ती संख्या फसवी आहे. कड्यावरच्या रोपाला माशी भेटते, परागण होते, शेंग धरते, नव्या गुणांचे बी वाऱ्यावर जाते. कुंडीत यांतले काहीच होत नसेल तर तेथे टिकते ते केवळ नमुन्याचे रोप. विद्यार्थ्याला कलम आणि बी यांतील हा भेद आंब्यावर शिकविता येतो, पण त्याचे गांभीर्य शिंदळ माकुडीवर कळते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने केलेले काम उल्लेखनीय आहे. कंदीलपुष्प किंवा खर्पुडी या गटातील वेली भारतात पन्नासाहून अधिक जातींच्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र नाहीत. फूल खरोखरीच कंदिलासारखे. आत शिरलेली बारीक माशी नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही. फूल जुने होऊन केस मलूल पडले की ती सुटते आणि पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. या वेलींचे कंद गुराखी आणि डुकरे खातात, त्यामुळे त्या दुर्मिळ झाल्या. विद्यापीठाच्या उद्यानात त्यांचा संग्रह झाला, त्यांची रोपे वाढविली गेली आणि काही मूळच्या ठिकाणी परत नेऊन लावली गेली. गिरसप्प्याच्या धबधब्याच्या तुषारांत १९१९ साली सापडलेले हुबार्डिया नावाचे एक नाजूक गवत लुप्त झाले असे मानले जात होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते तिलारीच्या परिसरात पुन्हा आढळले, आणि तेही याच उद्यानात वाढविण्यात आले. धबधब्याचे तुषार कुंडीला कसे पुरवावयाचे, हा प्रश्न पुस्तकात नसतो. तो माळ्याने सोडवावयाचा असतो.

केरळात वायनाड जिल्ह्यात पेरियाजवळ असलेले गुरुकुल वनस्पती अभयारण्य हे पदवी न देणारे, पण कदाचित या विषयातले सर्वांत सखोल विद्यालय म्हणता येईल. वोल्फगांग थॉयरकाउफ या जर्मन गृहस्थांनी १९८१ मध्ये ते सुरू केले. पश्चिम घाटातील तोडल्या जाणाऱ्या रानांतून, रस्त्यांच्या खोदकामातून वाचविलेल्या दोन हजारांहून अधिक जाती तेथे वाढविल्या आहेत. त्यांत नेचे आहेत, तेरड्याच्या जाती आहेत, आमरे आहेत. ही निगा राखणाऱ्यांत परिसरातल्या स्त्रिया पुष्कळ. त्या शिकल्या त्या पाहून आणि हाताने करून: हे आमर कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूच्या फांदीवर होते, तेथे सकाळचे ऊन होते की दुपारचे, खालून ओढा वाहत होता की नाही. तेवढे जुळवून दिले की रोप रुजते. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी एक पावसाळा काढला, तर त्याच्या चार वर्षांच्या पाठांतराला अर्थ येईल.

तरीही या विद्येत एक मोठा सापळा आहे. झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, अशी आपली श्रद्धा असल्यामुळे कोठे लावू नये हे शिकविणे अवघड जाते. कोकणातला जांभ्याचा सडा किंवा साताऱ्याचे कासचे पठार उन्हाळ्यात पाहिले तर ओसाड वाटते. माती जेमतेम बोटभर, झाड नाही, सावली नाही. वृक्षारोपणाला यापेक्षा योग्य जागा कोणती, असे उत्साही मंडळींना वाटते. पण पावसाचे चार महिने त्याच खडकावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, सोनकी अशा इवल्या वनस्पतींचे गालिचे पसरतात. त्यांतील काही किडे खाऊन जगतात, कारण त्या मातीत पोषण नाही. त्यांना मोकळे ऊनच हवे असते. तेथे खड्डे खणून परकी झाडे लावली, तर सावलीने ही सृष्टी मरते. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले म्हणून त्याला संरक्षण मिळाले. पण कोकणातले बहुतेक सडे कागदोपत्री पडीक जमिनीच आहेत.

आता या शिक्षणाला बाजारात किंमत किती, हेही पाहिले पाहिजे. सरकारी व निमसरकारी वृक्षलागवड बहुधा निविदेने होते, आणि निविदेत रोपाची किंमत उंचीवर ठरते. सहा फुटी रोपाला अधिक दर, दोन फुटीला कमी. स्वाभाविकच रोपवाटिका भराभर उंच होणाऱ्या जाती वाढविते आणि लहान पिशवीत दीर्घकाळ ठेविते. पिशवीत मुळे गोल फिरतात, ती गाठ जमिनीत गेल्यावरही सुटत नाही, आणि आठ-दहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट कोलमडते. तोपर्यंत देयके चुकती झालेली असतात. निविदेत उंचीऐवजी जात, बियाण्याचा उगम, मुळांची स्थिती आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत असलेल्या रोपांची संख्या ही कसोटी घातली, तर देशी झाडांची रोपवाटिका चालविणे आतबट्ट्याचे ठरणार नाही, आणि या विषयात तयार झालेल्या पदवीधराला नोकरीही मिळेल. एवढा बदल करण्यास नवा कायदा लागत नाही. दरपत्रकातील चार ओळी बदलाव्या लागतात.

विद्यापीठांच्या बाजूनेही एक अशीच छोटी अडचण दूर होण्यासारखी आहे. पांगारा, काटेसावर, पळस, बहावा, ऐन, जांभूळ यांची फळे बहुधा मार्चपासून जूनपर्यंत पिकतात, म्हणजे नेमकी परीक्षांच्या आणि उन्हाळी सुटीच्या दिवसांत. विद्यार्थी पुस्तकात डोके घालून बसलेला असतो किंवा गावी गेलेला असतो. तो पावसाळ्यात परत येतो तेव्हा काटेसावरीची म्हातारी उडून गेलेली आणि जांभळाचे बी मरून गेलेले असते. प्रात्यक्षिकांचे दोन आठवडे मे महिन्याच्या उत्तरार्धात ठेवून विद्यार्थ्यांना पोती, टोपल्या आणि नोंदवह्या देऊन रानात धाडावे; सोबत बी ओळखणारे एखादे स्थानिक वयस्क माणूस रोजंदारीवर घ्यावे. पहिला पाऊस पडेल तोवर वाफे तयार असतील आणि ताजे बी हाताशी असेल.